बोटभर कमी

४ फेब्रुवारी

भाऊजी,

चौकोनाचा कोपरा सुईनं उचलला, तर फिल्मबरोबर खालचा कागदही उचलून आला. म्हणजे पातं आरपार गेलं. दाब कमी करून परत कापलं. आता पातं फिल्मवरून नुसतं फिरून आलं, ओरखडासुद्धा नाही. मशीन चालूच आहे. शेजारी उभी राहून लिहितेय.

तुमचं पत्र आज मिळालं. माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली असणार, कारण दोन पानं भरली आहेत. पण जिथे आकडा होता तिथे काळी शाई आहे. "दाब ████ ठेवा, वेग ████ च्या वर नेऊ नका, पातं ████ बाहेर." वरची तारीख तेवढी राहू दिलीय. तुरुंगात पत्रं तपासणाऱ्यांना वाटलं असेल, दीर-भावजय मिळून तिजोरी फोडायला निघालेत.

झालंय ते असं. दुकानातला कॉम्प्युटर बसला. दुरुस्तीवाल्यानं प्रोग्राम नव्यानं टाकून दिला. गाड्यांचे नमुने परत आले, पण तुम्ही मशीनला दिलेले आकडे गेले. ते कुठे लिहिलेले नव्हते. मी लिहून ठेवा म्हटलं की तुम्ही कपाळावर बोट आपटून म्हणायचात, "वहिनी, सगळं इथे आहे." आता ते कपाळच तिकडे.

एजन्सीचा माणूस येऊन गेला. तोच, कडेवरून नख फिरवून बघणारा. त्यांच्याकडे येणाऱ्या नव्या गाड्यांचं फिल्मचं काम कायमचं द्यायला तो तयार आहे. आधी एक गाडी करून दाखवा म्हणाला. वकीलबाई म्हणतात, ते काम लेखी मिळालं तर कोर्टाला सांगता येईल की दुकान चालतंय, मशीनवर तुमच्याशिवाय अडतंय, माणूस सुटला तर कामावर जाईल, पळणार नाही. जामिनासाठी त्यांच्या हातात दुसरं काही नाही. तेव्हा मशीन लागायलाच हवं.

हे बरे आहेत. जेवतात. तुमची आठवण काढतात.

पत्र तपासणाऱ्या साहेबांना नमस्कार. साहेब, गाडीच्या रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून वर पारदर्शक फिल्म चिकटवतात. ती कापायचे हे आकडे आहेत. यात दुसरं काहीही नाही. राहू द्यावेत.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

अंकांत लिहिले म्हणून पुसले असतील. आता अक्षरांत लिहितो. जाड फिल्मला दाब ████████, पातळ फिल्मला ████████. पातं होल्डरबाहेर ████████. वेग ████████, कोपऱ्यांना त्याच्या ████████. एवढे जपून ठेवा. आता अडचण यायला नको.

माझ्या शेजारी एक वेल्डर आहे. पत्र लिहून झालं की मी त्याला वाचून दाखवतो. त्याला कोणाचं पत्र येत नाही. ऐकून म्हणाला, "बायकोला कोणी असलं पत्र लिहितं का रे?" मी म्हटलं, वहिनीला आहे. "मग ठीक आहे," म्हणाला, आणि कूस बदलली. नंतर परत वळून विचारलं, "कोपऱ्यांना वेग कमी का करायचा?" समजावून सांगितलं. त्याला पटलं. वेल्डिंगलाही कोपऱ्यावर हात सावकाश न्यावा लागतो म्हणाला.

दादाबद्दल तुम्ही तीन वाक्यं लिहिलीत. तिन्ही सुरळीत. दादाबद्दल इतकं सुरळीत आजवर कोणी लिहिलेलं नाही.

शेजारचे शिंपीकाका गेल्यापासून त्यांच्या घरी कोणी जातं का?

तुमचा दीर


२२ फेब्रुवारी

भाऊजी,

अक्षरांतलेही पुसले. एका ठिकाणी "एकशे" एवढं वाचता येतं, पुढे काळं. साहेबांना माझा नमस्कार पोचला असावा, कारण त्याच्यावर शाई नाही.

म्हणून ह्यांना भेटीला पाठवलं. आत कागद-पेन नेऊ देत नाहीत हे माहीत होतं. रात्रभर मी ह्यांच्याकडून घोकून घेतलं: आधी दाब, मग पातं, मग वेग. तुम्ही आकडे सांगितलेत, हे परत आले, मी वही घेऊन बसले.

"एक मोठा होता," हे म्हणाले. "एक बारका. एक मधला."

"कशाचा कोणता?"

"ते तो सांगत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. वाळलाय गं."

तीन आकडे ह्यांना आठवले, पण कोणता कुठे बसवायचा ते कळेना. मोठा वेगाला दिला. मशीन कोणी मागे लागल्यासारखं पळत सुटलं. मग तो दाबाला दिला, तर पात्याखालच्या पांढऱ्या पट्टीत चर पडला. ह्यांना काही बोलले नाही. फिल्म लावताना जो माणूस एक बुडबुडा राहू देत नाही, त्याच्या डोक्यात कोणता आकडा कशाचा हे राहत नाही, यात त्यांचा दोष नाही.

शिंपीकाकांच्या घरी मी गेले होते. काकूंनी दार उघडलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. आपण दुकानासाठी शिवायला टाकलेले पडदे आणून माझ्या मांडीवर ठेवले. एक शिवून झालेला, एक अर्धा. काका आपल्या दारात गाडीखाली आले, त्या दिवसापासून त्यांच्या दुकानाचं शटर खाली आहे. आपलं उघडताना रोज तेच आधी दिसतं.

आपल्याकडे आता गाडी ज्याची त्यानं आत घ्यायची, ज्याची त्यानं बाहेर काढायची. मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" करणं ह्यांनी त्या दिवसापासून सोडलंय. कोणी गाडी मागे घेऊ लागलं की हे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.

एजन्सीवाला मार्चअखेर गाडी पाठवणार. भाऊजी, काहीतरी करा.

वहिनी


३ मार्च

वहिनी,

सगळ्यात आधी हे. त्या दिवशी गाडी मी मागे घेत होतो आणि मागे कोणी नव्हतं. जबाबात तसंच आहे. कोण कुठे उभं राहतं, कोण काय करायचं सोडतं, असलं पत्रात लिहू नका.

आता मशीन. आकडे सोडून देऊ. माझ्याकडे बसल्या बसल्या भरपूर वेळ आहे, तेव्हा आकड्यांवाचून कसं सांगता येईल ते बघतोय.

पांढरी पट्टी बदला, खालच्या खणात गुंडाळी आहे. चर पडलेल्या पट्टीवर कितीही काळजीनं लावलंत तरी पातं त्या चरात घसरणार. रोलर ओल्या फडक्यानं पुसा. दोन्ही रोलरनी फिल्म सारखीच धरायला हवी, नाहीतर ती वाकडी चालते. एक दिवस घरी भांडून आलेल्या माणसासारखी.

पातं. होल्डर उलटा धरा आणि टोकावरून बोट हलकेच फिरवा. पातं दिसायला नको, पण लागायला हवं. दाढी केल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषाचा गाल लागतो, तेवढंच. दादाच्या गालावरून हात फिरवून बघा, मग पात्यावरून. हसू नका.

दाब. अगदी खालून सुरू करा. एकेक पायरी चढवत छोटे छोटे चौकोन कापा. फिल्म आपली आपण सुटून आली आणि कागद जागेवर राहिला, की थांबा. मग तो कागद खिडकीसमोर धरा. चौकोनाची रेघ डोळ्याला दिसली पाहिजे आणि नखाला लागता कामा नये. नखाला लागली तर केसभर जास्त झालंय.

वेग आवाजावरून. शिंपीकाका कात्री उघडी धरून, न मिटता, कापडातून सरळ सरकवत न्यायचे. तो आवाज आला पाहिजे. दुसरं उदाहरण शोधत होतो. सापडलं नाही.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. नवीन प्रोग्राम खऱ्या मापानं कापेल. ते आपल्याला चालत नाही. बॉनेटचा तुकडा लांबीत बोटभर कमी कापायचा. बोटभर म्हणजे बोटाच्या रुंदीएवढा. दादाच्या हाताला ओढ आहे. तो फिल्म ओली करतो, वरची कड बसवतो आणि ताणत खाली आणतो. बोटभर कमी असलेला तुकडा बरोबर कडेला येऊन बसतो. खऱ्या मापानं कापला तर दादाच्या हाताखाली तो कडेबाहेर लोंबणार, आणि मग जास्तीचा भाग गाडीवरच कटरनं कापावा लागणार. गाडीवर कटर चालवायचा नाही, म्हणून तर मशीन घेतलं. कंपनीचा माणूस पहिल्यांदा लावून गेला होता ते मी सगळं मोडलं आणि मशीन दादाच्या हातावर लावलं. दादाला हे माहीत नाही. त्याला वाटतं, मशीनच चांगलं आहे.

वेल्डर म्हणतो, केसभर, बोटभर हे काही आकडे नव्हेत, साहेब सोडतील. बघू.

तुमचा दीर


११ मार्च

भाऊजी,

पत्रावर एकही काळा डाग नव्हता. तुमच्या वेल्डरला माझ्याकडून शाबासकी द्या.

पट्टी बदलली. पातं लावलं. तुमचं गालाचं उदाहरण काही उपयोगी पडलं नाही, ह्यांची दाढी वाढलीय. शेवटी दूधवाल्याच्या गालाकडे बघून अंदाज बांधला, हात न लावता. चौकोन कापत गेले. टेबलभर चौकोन झाले. एकदा फिल्म उचलली तर ती एकटी आली. कागद खिडकीसमोर धरला. रेघ होती, नखाला लागली नाही. मी मोठ्यानं ओरडले. हे आतून धावत आले. "काय झालं, कापलं का?" म्हणाले. मी म्हटलं, हो, कापलं. ह्यांनी माझी बोटं बघितली.

आवाजही आला. तुम्ही म्हणाला होतात तोच.

आता पुढचं ऐका. एजन्सीची गाडी यायच्या आधी हात बसावा म्हणून आपल्या जुन्या गाडीच्या बॉनेटचा तुकडा कापला. लांबीत बोटभर कमी. माझं बोट की तुमचं, हे तुम्ही लिहिलं नव्हतं. तुमचं धरलं. ह्यांनी लावला. पुढच्या कडेला तेवढीच जागा उघडी राहिली. दुसरा कापला, तोही अपुरा. मला वाटलं रोलर घसरत असेल. पुन्हा पुसले. पात्याच्या जागी पेन लावून मशीनकडून लांब रेघ मारून घेतली आणि पोलादी टेपनं मोजली. बरोबर निघाली. म्हणजे मशीन सांगितलं तेवढंच कमी करतंय, जास्त नाही. मग तुकडा पोचत का नाही? उन्हाळा लागलाय, त्यानं फिल्म आखडते का? की नवीन गुंडाळीच वेगळी आहे? पात्याची गंमत मला समजली, ही समजत नाही.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मशीन बघ."

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

मशीनला काही झालेलं नाही. फिल्मलाही नाही. उन्हाळ्यात फिल्म आखडत नाही, उलट जास्त ताणली जाते.

दादाचा हात कसा आहे?

तुमचं पत्र वाचून मी दिवसभर दुसरी कारणं शोधली. वेल्डरनंही शोधली. एकही टिकलं नाही. तुकडा पोचत नाही म्हणजे तो कोणी ओढत नाही. वेल्डर म्हणाला, "एवढ्या लांबून तुला भावाचा हात दिसला?" मी म्हटलं, बोटभर दिसला.

दाढी वाढलीय हे तुम्ही हसत लिहिलंत. मी तिथेच थांबायला हवं होतं.

खरं काय ते लिहा. पण तुमचं उत्तर मला मिळेपर्यंत एजन्सीची गाडी येऊन गेलेली असेल, तेव्हा उत्तराची वाट न बघता सांगतो. लांबी कमी करू नका. मशीनला खऱ्या मापानं कापू द्या. तुकडा न ओढता कडेला पोचेल. दादाला फक्त ओली करून बसवायची आहे आणि रबरी पट्टीनं पाणी काढायचं आहे. तेवढं थकलेल्या हातालाही जमतं.

त्याला सांगू नका. तो बघेल, पोचला म्हणेल, पुढे जाईल. त्याला वाटू दे, मशीन चांगलं आहे.

वेल्डरची काल बदली झाली, दुसरीकडे हलवला. जाताना म्हणाला, जामीन झाला तर मला लिही. पत्ता कोणाकडे मागायचा?

तुमचा दीर


२७ मार्च

भाऊजी,

उद्या जामिनाची तारीख. तुम्हाला कोर्टात आणणार नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या. हे पत्र पोचेल तेव्हा उद्याचं सगळं होऊन गेलेलं असेल, पण तुम्ही खरं लिहा म्हणालात, म्हणून लिहितेय.

ह्यांचा उजवा हात त्या दिवसापासून थरथरतो. सुरुवातीला पेला धरताना, मग नुसता मांडीवर ठेवला तरी. डॉक्टर म्हणाले, हाताला काही नाही. औषध दिलं, ते घेतात. फिल्म लावताना डाव्या हातानं ओढायचा प्रयत्न करतात. मी लिहिलं नाही, कारण तुम्ही तिथे बसून काय करणार होतात? बॉनेटचा तुकडा अपुरा का पडतो हे मला कळत नव्हतं, असं मात्र नाही. थोडं कळत होतं. तुम्ही रोलरचं काहीतरी कारण लिहाल, अशी आशा होती.

एजन्सीची गाडी आज आली. काळी. काळ्या गाडीवर सगळं दिसतं. नखवाला म्हणाला, उद्या सकाळी येऊन बघतो, पसंत पडलं तर तिथेच कागदावर सही करतो. वकीलबाईंना कोर्टात जायच्या आधी तो कागद मिळाला असता. सगळं कसं बरोबर जुळून येत होतं.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. लांबी कमी केली नाही. तुकडा स्वच्छ कापला गेला. मी तो कागदावरून सोडवून ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी बॉनेट ओलं केलं, फिल्म ओली केली, वरची कड बसवली. हात थरथरत होता. मग खालची कड हातात घेतली, आणि ती ओढायच्या आधीच गाडीच्या कडेला जाऊन टेकली.

हे थांबले. पाणी खाली ठिबकत होतं.

"कोणी कापला?"

"मशीननं."

"मशीन असं कापत नाही. इतकी वर्षं मी लावतोय. त्यानं लिहिलं?"

मी फडकं पिळत राहिले.

"तिथून त्याला माझा हात दिसतो का?"

"अहो, पोचतोय ना तुकडा. बसवून टाका."

"मी ओढल्याशिवाय कधी बसवलाय?"

आणि दोन्ही हातांनी ओढला. पूर्वी ओढायचे तसा, अंग मागे टाकून. भाऊजी, त्या वेळी ह्यांचा हात थरथरत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी त्या हाताकडेच बघत राहिले. अहो, ओढू नका, पुरतोय, असं म्हणायला हवं होतं, पण तो हात बघून मला इतकं बरं वाटलं की मी म्हटलंच नाही. कडेकडे बघितलंच नाही.

फिल्म कडेबाहेर आली. लोंबली. तोवर वरची कड पक्की चिकटली होती, परत उचलली असती तर ताणलेल्या रेघा उमटल्या असत्या. दुसऱ्या तुकड्याएवढी फिल्म गुंडाळीवर उरली नव्हती, चौकोनांत आणि जुन्या गाडीवर गेली. ह्यांनी खणातून कटर काढला. मी म्हटलं, थांबा, मी करते. म्हणाले, "तू मशीन बघ."

अर्ध्या कडेपर्यंत सरळ गेला. मग हात परत थरथरला.

ओरखडा फार मोठा नाही. उभं राहून बघितलं तर दिसत नाही. वाकून बघितलं तर दिसतो. नखाला लागतो.

हे तेव्हापासून बाहेर पायरीवर बसले आहेत. मघाशी चहा नेऊन दिला. डाव्या हातानं घेतला. म्हणाले, "त्याला लिही, तुकडा चांगला कापला होता." मी म्हटलं, लिहिते.

लिहिलं.

वहिनी

२८ मार्च, सकाळी. पत्र टाकायचं राहिलं होतं म्हणून खाली लिहितेय. एजन्सीचा माणूस आला, वाकला, कडेवरून नख फिरवलं, परत फिरवलं आणि गाडी घेऊन गेला. सही झाली नाही. वकीलबाईंना कळवलं. "बघते," म्हणाल्या. हे पहाटेच उठून, दाढी करून, तुमच्या भेटीला निघून गेले. आज भेटीचा दिवस नाही.